बाबांच्या किमोच्या गोळ्या: माहिती शोधावी तर कुठे, आणि वाचावं तर किती?

नदीकाठ | रविवार, रात्री १:५०

मंडळी, हा धागा काढावा की नाही यात दोन दिवस गेले. आज झोप येणार नाहीच, म्हणून लिहून टाकते.

बाबा ६८ वर्षांचे. ते आणि आई सांगलीत, मी नोकरीमुळे पुण्यात. बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली. दोन लिम्फ नोडमध्ये पेशी सापडल्या म्हणून तिसरी स्टेज. आता किमो सुरू आहे. फाइलवर 'केपॉक्स' लिहिलंय. म्हणजे एक दिवस ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाइन, मग चौदा दिवस कॅपेसिटाबिनच्या ५०० च्या गोळ्या, सकाळी तीन आणि रात्री तीन. नंतर आठवडाभर सुट्टी. अशा चार सायकल सांगितल्यात.

दुसऱ्या सायकलला दुकानातून आलेली स्ट्रिप वेगळ्याच नावाची निघाली. बाबांचा फोन आला, "अगं, ह्या गोळ्या त्या नव्हेत." दुकानदार म्हणाला, एकच आहे काका, घ्या. आता एकच आहे हे बाबांनी कशावरून मानायचं? म्हणून मी शोधायला बसले आणि तिथून सगळं बिघडलं.

एका औषध कंपनीचं माहितीपत्रक मिळालं. त्यात डोस दिलाय: शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठफळाला १२५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. बाबांचं पृष्ठफळ फाइलवर १.६२ लिहिलंय. गुणाकार केला तर २०२५ आला. म्हणजे एका वेळी चार गोळ्या हव्यात. बाबा तीन घेतायत. वय बघून हात आखडता घेतला की काय, या विचाराने पोटात गोळा आला. पुढे दुसऱ्या पानावर वाचलं की ही किमो सहा महिने देतात, आठ सायकल. आमच्या चारच. मग तिसऱ्या पानावर एक आलेख दिसला, किती रुग्ण किती वर्षं जगतात त्याचा. तो पाहिला आणि फोन उलटा करून ठेवला. आईला काही सांगितलं नाही.

आणखी एक. पहिल्या सलाइननंतर दुसऱ्या दिवशी बाबांनी फ्रीजमधून ताकाचं पातेलं काढलं आणि ते हातातून सुटलं. बोटांत सुया टोचल्यासारखं झालं म्हणाले. थोडं ताक प्यायले तर घसा आवळल्यासारखा वाटला. आम्ही घाबरून हॉस्पिटलला फोन केला. तिथल्या सिस्टरांनी शांतपणे विचारलं, "डिस्चार्जचा कागद वाचलात का?" त्यावर एक ओळ होती: आठवडाभर थंड वस्तूंना हात लावू नये, थंड पिऊ नये. मी रात्र रात्र इंटरनेट पालथं घालत होते आणि घरात ठेवलेला कागद कुणी वाचलाच नव्हता.

शिवाय आत्याने रक्तवाढीचं टॉनिक आणून दिलंय, आणि कॅन्सरवर लक्ष्मणफळ खा म्हणणारे व्हिडिओ रोज येतातच.

ओपीडीत पाच मिनिटं मिळतात. बाहेर शंभर माणसं बसलेली असतात, डॉक्टरांना दोष देत नाही. पण त्या पाच मिनिटांत काय विचारायचं हे कळायला तरी आधी काहीतरी समजायला हवं ना? तुम्ही लोक औषधाबद्दल वाचता कसं?

---

अबोली | रविवार, रात्री २:१५

नदीकाठ, मीही जागीच आहे. आईची किमो चालू आहे. लिहीत राहा, आम्ही वाचतोय.

---

खलबत्ता | सोमवार, सकाळी ७:३०

नदीकाठ, आधी जीव शांत करा. तुमच्या बाबांचा डोस कमी दिसत नाही.

मी कॅन्सर हॉस्पिटलच्या फार्मसीत पंधरा वर्षं काम करते. तुमच्या बाबांची डॉक्टर नाही आणि फाइल माझ्यासमोर नाही, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचाच. पण हिशेब सांगते. १२५० हा आकडा कॅपेसिटाबिन एकटी दिली जाते तेव्हाचा. ऑक्झॅलिप्लॅटिनच्या जोडीला दिली की साधारण १००० धरतात, कारण दोन औषधांचा मार शरीराला एकदम सोसायचा असतो. १००० गुणिले १.६२ म्हणजे १६२०. गोळी ५०० ची, तिचे तुकडे करत नाहीत, म्हणून १५०० वर आणतात. तीन गोळ्या. तुमचा गुणाकार बरोबर होता, पत्रकातली ओळ दुसऱ्या रुग्णाची होती.

कॅन्सरच्या औषधाबद्दल वाचताना नव्वद टक्के घबराट इथूनच येते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. नुसत्या औषधाच्या नावाने शोधलं की अर्धीच माहिती हाती लागते. तीन गोष्टी एकत्र हव्यात: औषधाचं मूळ नाव, ते कोणत्या जोडीत देतायत, आणि कशासाठी देतायत. ऑपरेशननंतर उरल्यासुरल्या पेशींसाठी देतात ती किमो वेगळी, ऑपरेशनआधी गाठ लहान करायला देतात ती वेगळी, आणि आजार पसरल्यावर आटोक्यात ठेवायला देतात ती वेगळी. तिन्ही ठिकाणी तीच कॅपेसिटाबिन असू शकते. डोस, किती महिने, काय अपेक्षा, सगळं बदलतं. तुम्ही पाहिलेला आलेख कोणत्या रुग्णांचा होता ते तपासलंत का? पसरलेल्या आजाराचा असण्याची शक्यता बरीच आहे.

आता स्ट्रिपचं. ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, त्याच्या आसपास बारीक अक्षरांत मूळ नाव असतं. तिथे 'कॅपेसिटाबिन टॅब्लेट्स' आणि '५०० मिग्रॅ' ही दोन्ही जुळली तर औषध तेच. भारतात हे रेणू कितीतरी कंपन्या बनवतात, म्हणून नावं बदलत राहतात. पण दोन्ही स्ट्रिपा शेजारी ठेवून ताकद नक्की पाहा, कारण काही औषधं दोन-तीन ताकदींत येतात आणि तिथे घोटाळा होतो. बिलावर बॅच नंबर आहे ना, तोही स्ट्रिपशी जुळवा. दुकानदाराने 'एकच आहे' म्हणून न सांगता हे दाखवायला हवं होतं. रुग्णाचा तो हक्क आहे.

मूळ नावांना शेपट्या असतात, त्यांवरून औषधाचं कूळ कळतं. 'प्लॅटिन'वर संपणारी प्लॅटिनम धातूपासूनची: सिस्प्लॅटिन, कार्बोप्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन. 'निब' म्हणजे पेशीला वाढ म्हणून सांगणारा संकेत अडवणाऱ्या गोळ्या: इमॅटिनिब, एर्लोटिनिब. 'मॅब' म्हणजे प्रतिपिंडं, बहुतेक सलाइनमधून देतात: ट्रास्टुझुमॅब, निवोलुमॅब. एवढं ओळखता आलं तरी फाइल परकी वाटत नाही.

वाचायचं कुठे? माझा क्रम सांगते. पहिला तुमचा डिस्चार्जचा कागद आणि किमोचं कार्ड. (ताकाचं वाचून वाईट वाटलं. ऑक्झॅलिप्लॅटिन घेणाऱ्यांच्या नातेवाइकांना मी तोंडीही सांगते: फ्रीज उघडायचा नाही, स्टीलचा गार तांब्या धरायचा नाही, थंडीत पहाटे बाहेर पडताना तोंडावर रुमाल.) मग रुग्णांसाठी लिहिलेली पानं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची औषधवार माहिती आहे, मेडलाइनप्लस आहे, ब्रिटनमधल्या कॅन्सर रिसर्च यूके आणि मॅकमिलन यांची पानं तर फारच सोप्या भाषेत आहेत. उपचारपद्धतीच्या नावाने वाचायचं असेल, म्हणजे 'केपॉक्स' असं, तर ऑस्ट्रेलियाचं 'ईव्हीक्यू' हे संकेतस्थळ उत्तम. डॉक्टरांसाठी लिहिलेलं माहितीपत्रक सगळ्यात शेवटी उघडा.

आणि टॉनिकची बाटली आजच बाजूला ठेवा. तिच्यात फोलिक अॅसिड असणार. कॅपेसिटाबिन शरीरात गेल्यावर फ्लुओरोयुरॅसिल बनते आणि फोलिक अॅसिडमुळे तिचा विषारीपणा वाढू शकतो. जुलाब, तोंड येणं जोरात होतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक चमचासुद्धा देऊ नका.

---

नदीकाठ | सोमवार, सकाळी ७:५५

खलबत्ता ताई, ऑफिसच्या बसमध्ये वाचलं आणि रडू आलं. बाटलीवर फोलिक अॅसिड आहे. आईला फोन करून ती कपाटात वर ठेवायला सांगितली. बाबांनी चार दिवस घेतलंय, तेही आज हॉस्पिटलला कळवते.

---

कंदीपेढा | सोमवार, सकाळी १०:०५

नदीकाठ, मला २००९ मध्ये रक्ताचा कॅन्सर झाला, सीएमएल नावाचा. तेव्हापासून गोळ्यांवर आहे आणि शेतीही करतोय, म्हणून अधिकाराने लिहितो.

ब्रँड बदलला की काय वाटतं ते मला ठाऊक आहे. माझी गोळी तेव्हा इमॅटिनिब. तिचा मूळ ब्रँड ग्लिवेक, महिन्याला एक लाखाच्या वर. भारतीय कंपन्यांची तीच गोळी तेव्हा आठ-दहा हजारांत मिळायची. ग्लिवेक बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीला पेटंट हवं होतं, सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारलं. पेटंट कायद्यातलं ३(ड) कलम सांगतं की जुन्याच रेणूचं रूप थोडं बदललं आणि गुण वाढला नाही, तर नवं पेटंट नाही. त्या दिवशी मी सातारच्या एसटी स्टँडवर पेपर घेऊन उभ्या उभ्या सगळी बातमी वाचली. ही गोळी जन्मभर घ्यायची असं मला सांगितलेलं होतं. महिना एक लाख माझ्या जमिनीने कुठून दिले असते?

तर स्वस्त म्हणजे नकली, ही भीती मनातून काढा. पण डोळे मिटूनही बसू नका. माझ्या आजारात दर काही महिन्यांनी रक्ताची बीसीआर-एबीएल तपासणी होते, आकडा खाली राहिला म्हणजे गोळी काम करतेय. ब्रँड बदलला की मी वहीत तारीख लिहितो आणि पुढचा रिपोर्ट आला की त्या तारखेशेजारी आकडा लिहितो.

दुसरी गोष्ट, गोळी कशी घ्यायची ते प्रत्येक औषधाचं वेगळं वाचा. इमॅटिनिब जेवणासोबत आणि पेलाभर पाण्याबरोबर. नंतर चार वर्षं मला निलोटिनिब दिली, ती रिकाम्या पोटी, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. आता डॅसॅटिनिबवर आहे. मध्ये पोटात जळजळ व्हायची म्हणून गावातल्या डॉक्टरांनी अॅसिडिटीची रोजची गोळी लिहिली. चांगला माणूस, पण डॅसॅटिनिब त्यांच्या रोजच्या पाहण्यातली नाही. मी घरी येऊन दोन्हींची मूळ नावं एकत्र टाकून शोधलं. पोटातलं आम्ल कमी झालं की डॅसॅटिनिब नीट शोषली जात नाही, म्हणजे गोळी पोटात जाते आणि रक्तात पुरेशी पोचत नाही. मुंबईच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी ती बंद करून दुसरा उपाय दिला.

अॅसिडिटीची गोळी आपल्याकडे घराघरात चालते. कॅन्सरची गोळी चालू असेल तर तिचंही नाव डॉक्टरांच्या कानावर घाला.

---

खलबत्ता | सोमवार, सकाळी १०:४०

कंदीपेढा काकांना अनुमोदन. एर्लोटिनिबचंही तसंच. आणि नदीकाठ, कॅपेसिटाबिन जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, साध्या पाण्याने. बाबा तसंच घेतात ना?

---

मोगरा७२ | सोमवार, दुपारी १:२०

लक्ष्मणफळाबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. आमच्या नात्यात एकांनी घेतलं, त्यांना बरं वाटलं. किमोपेक्षा दहा हजार पट गुणकारी म्हणतात. आणि सदाफुलीपासून तर कॅन्सरचं औषध बनतंच, मग पानं खाल्ली तर काय बिघडलं? निसर्गात सगळं आहे हो.

---

रानवाट | सोमवार, दुपारी ३:४५

मोगरा, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, सह्याद्रीत फिरण्यात निम्मं आयुष्य गेलं. सदाफुलीवर माझं प्रेम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सदाफुलीची पानं साखरेच्या आजारावर चावायची पद्धत आपल्या गावांतून आहे, तशी ती जगात इतरत्रही होती. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी हाच दावा तपासायला उंदरांना पानांचा अर्क दिला. साखर काही उतरली नाही. उंदीर मात्र जंतुसंसर्गाने मेले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या होत्या. पांढऱ्या पेशी कमी करणारं काहीतरी यात आहे, तर पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवर ते चालेल का, असा उलटा विचार त्यातून निघाला आणि विनब्लास्टिन हाती आलं. पुढे विनक्रिस्टिन. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ते आजही दिलं जातं.

आता त्या उंदरांकडे पुन्हा बघा. किमोने पांढऱ्या पेशी आधीच खाली आलेल्या असतात. त्यात पानं चावून आणखी खाली आणायच्या? एका पानात औषध किती, ते झाडागणिक बदलतं. एक ग्रॅम विनक्रिस्टिन काढायला शेकडो किलो पाला लागतो आणि रुग्णाला देतात एक-दोन मिलिग्रॅम, तेही थेट शिरेत, कारण शिरेबाहेर सांडलं तर मांस जळतं. पानात आहे म्हणजे पान औषध झालं, असं होत नाही.

नदीकाठच्या बाबांच्या आजाराशी तर आपल्या डोंगरांचा फार जवळचा संबंध आहे. महाबळेश्वर, आंबोली, कोयनेच्या रानात 'नरक्या' नावाचं झाड आहे. नाव पडलं त्याच्या घाण वासावरून. त्यात कॅम्पटोथेसिन असतं. हा रेणू १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी अमेरिकेत एका चिनी झाडातून शोधला, आणि १९७२ मध्ये तो आपल्या नरक्यातही सापडला. सत्तरच्या दशकात तो रुग्णांना देऊन पाहिला तेव्हा मूत्राशयातून रक्त जाण्याइतके त्रास झाले आणि तो सोडून द्यावा लागला. त्याचं रूप रसायनशाळेत बदलून, सोसवेल असं करून इरिनोटेकान बनलं, ते मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झालं. झाडापासून औषधापर्यंत तीस वर्षं. आणि इकडे नरक्याची ट्रकच्या ट्रक चोरटी तोड झाली. बुंधेच्या बुंधे उघडे पडलेले मी स्वतः पाहिलेत. त्याचं दुःख वेगळंच.

लक्ष्मणफळाचं म्हणाल तर दहा हजार पट हा आकडा काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरच्या प्रयोगातून उचललाय. माणसांवर तसं काही सिद्ध झालेलं नाही. उलट कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा नेमाने घेणाऱ्यांमध्ये कंपवातासारखा आजार जास्त आढळल्याचं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्यांच्या हातापायांच्या नसांवर ऑक्झॅलिप्लॅटिनचा ताण आहे, त्यांनी हा काढा घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

---

मोगरा७२ | सोमवार, संध्याकाळी ६:१०

सदाफुलीचा हा इतिहास माहीत नव्हता. आमच्या ग्रुपवर टाकते. नाव घालू का तुमचं?

---

रानवाट | सोमवार, संध्याकाळी ६:३०

नाव नको, मजकूर खुशाल टाका. व्हिडिओ आला होता त्याच ग्रुपवर टाका म्हणजे झालं.

---

सांजवात | सोमवार, रात्री ९:१५

मी थोडं वेगळं बोलणार आहे.

माझी पत्नी स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेली, तीन वर्षं झाली. त्या आठ महिन्यांत मी एवढं वाचलं की औषधांचे रेणू, चाचण्यांची नावं, सगळं तोंडपाठ झालं. तिच्या उशाशी बसून फोनमध्ये वाचत असायचो. एकदा ती म्हणाली, "अहो, जरा माझ्याकडे बघा की." ते वाक्य अजून कानात आहे.

डॉक्टर निवडा, एकदा दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, आणि मग त्यांच्यावर सोडा. गुगलने आमच्या औषधात एका थेंबाचाही फरक पडला नाही. माझी रात्रीची झोप आणि तिच्यासोबतचा वेळ तेवढा गेला. नदीकाठ, बाबांशी गप्पा मारा.

---

टेम्सकाठ | सोमवार, रात्री ११:५०

सांजवात, तुमचं लिहिणं वाचून बराच वेळ काही टंकताच आलं नाही. तुम्ही म्हणता त्यात फार तथ्य आहे. मी मूळची कोल्हापूरची, इंग्लंडमध्ये कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. तुमच्यासारखी माणसं रोज पाहते: खाटेवर माणूस, खुर्चीत नवरा, आणि त्याचं सगळं लक्ष स्क्रीनवर. आम्ही त्यांना एक सांगतो. वाचायला दिवसातला अर्धा तास ठरवा, दिवेलागणीच्या आत. प्रश्न कागदावर उतरवा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

पण अजिबात वाचू नका असं मी नाही म्हणणार. नदीकाठ, तुमच्या चार सायकलींचंच घ्या. बरीच वर्षं तिसऱ्या स्टेजच्या आतड्याच्या कॅन्सरला सहा महिने किमो देत. ऑक्झॅलिप्लॅटिनने नसांना होणारी इजा डोस साठत जातील तशी वाढते, काहींना शर्टाचं बटणही लावता येत नाही. म्हणून निरनिराळ्या देशांतल्या सहा चाचण्या एकत्र करून, १२,८३४ रुग्णांचा हिशेब मांडला आणि तो २०१८ मध्ये छापून आला. आजार आतड्याच्या भिंतीतून फार पुढे गेलेला नाही आणि तीनपर्यंतच नोड बाधित आहेत, अशा रुग्णांत केपॉक्स तीन महिने दिली तरी सहा महिन्यांइतकाच उपयोग दिसला. तीन महिने म्हणजे चार सायकल. तुमचे दोन नोड होते म्हणालात. डॉक्टरांनी बहुधा हाच विचार केलाय. तुम्ही वाचलेलं पान २०१८ च्या आधीचं आहे का ते बघा. कॅन्सरच्या माहितीत पानाची तारीख आधी बघायची, मग मजकूर.

दुष्परिणामांची यादी कशी वाचायची तेही सांगते, कारण ती वाचून लोक गोळ्या खाली ठेवतात. युरोपातल्या पत्रकात 'अतिशय सामान्य' म्हणजे दहांत एकाहून जास्त जणांना, 'सामान्य' म्हणजे शंभरांत एक ते दहा जणांना, 'दुर्मीळ' म्हणजे हजारांत एकाहूनही कमी जणांना. पहिली ओळ लक्षपूर्वक वाचा, ते बाबांना होऊ शकतं: जुलाब, तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटणं, तोंड येणं, थकवा. दुर्मीळच्या यादीवर रात्री दोन वाजता डोळे फोडू नका.

एक गोष्ट मात्र वाचून विचाराच. कॅपेसिटाबिन शरीरातून बाहेर काढणारं डीपीडी नावाचं विकर (एन्झाइम) काही थोड्या लोकांत जन्मतः कमी असतं. त्यांना नेहमीचा डोसही जिवावर बेतू शकतो. युरोपात २०२० पासून हे औषध सुरू करण्याआधी ती तपासणी करायची शिफारस आहे. बाबांची पहिली सायकल नीट पार पडलीय ही चांगली खूण आहे, पण डॉक्टरांशी बोला. धागा वाचणाऱ्या ज्यांची किमो सुरू व्हायचीय त्यांनी आधीच विचारा.

आणि ताप १००.४ फॅरनहाइटपर्यंत गेला, किंवा दिवसाला चार-पाच वेळा जुलाब व्हायला लागले, तर काहीही शोधत बसू नका. गोळ्या थांबवायच्या का हे विचारायला लगेच हॉस्पिटलला फोन, मध्यरात्र असली तरी.

---

सांजवात | मंगळवार, सकाळी ६:२०

टेम्सकाठ ताई, अर्धा तास ठरवायचं मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

---

चाळीसगावकर | मंगळवार, सकाळी ११:००

माहिती शोधायची तर किमतीचीही शोधा. माझ्या भावाच्या वेळी आम्ही दुकानात छापील किंमत मोजत राहिलो. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा मुलगा तेच इंजेक्शन निम्म्याहून कमी पैशांत आणत होता. छापील किमतीत आणि दुकानदाराच्या खरेदीत इतका फरक असू शकतो, हे ठाऊकच नव्हतं. जमीन गहाण पडली ती पडलीच.

फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने कॅन्सरच्या ४२ औषधांवर व्यापारी नफ्याची मर्यादा ३० टक्के ठरवली, तेव्हा बऱ्याच ब्रँडच्या छापील किमती धाडकन उतरल्या. मूळ नाव टाकून किमती बघायला त्यांचं 'फार्मा सही दाम' हे अॅप आहे. नदीकाठ, तुमच्या बाबांची दोन्ही औषधं राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यांना कमाल किंमत ठरलेली असते, तिच्यावर कुणी घेऊ शकत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किमो बसते, तुमचं हॉस्पिटल योजनेत आहे का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. केंद्राची स्वस्त औषधांची 'अमृत' दुकानंही आहेत.

किंमत किती खाली येऊ शकते याचं उदाहरण म्हणजे सोराफेनिब ही यकृत आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरची गोळी. बायरची १२० गोळ्यांची किंमत २,८०,४२८ रुपये होती. मार्च २०१२ मध्ये सरकारने नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंट बायरचं असूनही तीच गोळी बनवायची मुभा, तेवढ्याच गोळ्या ८,८८० रुपयांत विकायच्या अटीवर.

पण फार स्वस्त मिळतंय म्हणून ओळखीच्या माणसाकडून, बिलाशिवाय, कधीच घेऊ नका. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. महागड्या इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या जमवून त्यात बुरशीवरचं स्वस्त औषध भरून विकत होते. तेव्हापासून मी ओळखीच्यांना सांगतो, औषध चढवून झालं की कुपीवरचं लेबल डोळ्यांदेखत फाडायला सांगा.

---

अबोली | मंगळवार, दुपारी २:४०

आईचं ट्रास्टुझुमॅब चालू आहे. बिलावर दुसऱ्याच कंपनीचं नाव आहे. हेही कंदीपेढा काकांच्या गोळीसारखंच का?

---

खलबत्ता | मंगळवार, दुपारी ३:३०

अबोली, थोडं वेगळं आहे. इमॅटिनिबसारखा छोटा रेणू जसाच्या तसा बनवता येतो. ट्रास्टुझुमॅब हे जिवंत पेशींत वाढवलेलं मोठं प्रथिन, म्हणून त्याच्या नकलेला 'बायोसिमिलर' म्हणतात आणि तिला मूळ औषधाशी तुलना करून दाखवावी लागते. भारतात त्याचा पहिला बायोसिमिलर २०१३ मध्ये मंजूर झाला, आज स्तनाच्या कॅन्सरच्या कितीतरी बायका त्यावर आहेत. काळजी नको. फक्त मधेच कंपनी बदलली तर फाइलवर नोंद करून घ्या, आणि हृदयाचा टूडी इको ठरल्या वेळी होतोय ना तेवढं बघा. ते या औषधात महत्त्वाचं.

---

नदीकाठ | शुक्रवार, रात्री ९:४०

आज सांगलीहून लिहितेय. ओपीडीला स्वतः गेले होते.

टेम्सकाठ ताईंनी सांगितल्यासारखा कागद केला, मोठ्या अक्षरांत पाच प्रश्न, आणि आत गेल्यावर तो सरळ डॉक्टरांसमोर ठेवला. त्यांनी पेन काढून एकेका प्रश्नापुढे उत्तर लिहिलं. डोस: १०००, कारण जोडीला ऑक्झॅलिप्लॅटिन. चार सायकल: दोनच नोड, धोका कमी गटातला. ब्रँड: तेच औषध, स्ट्रिपा दोन्ही नेल्या होत्या, त्यांनी स्वतः पाहिल्या. टॉनिक: किमो संपेपर्यंत बंद, हिमोग्लोबिन बघून मग ठरवू. डीपीडी: पहिली सायकल फारसा त्रास न होता गेली म्हणून आता घाई नाही, पण जुलाब वाढले तर त्याच दिवशी या. सात मिनिटं लागली. उठताना म्हणाले, "असा कागद सगळ्यांनी आणला तर माझंही काम सोपं होईल."

तो आलेख पुन्हा उघडून पाहिला. खलबत्ता ताई, खरंच पसरलेल्या आजाराचा होता. वर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं.

सांजवात काका, फोन आईच्या खोलीत चार्जिंगला आहे. हे लिहून झालं की तिथेच राहील. संध्याकाळी बाबा आणि मी पत्ते खेळलो.

पुढची सायकल मंगळवारी. बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर चौदा चौकटी आखल्यात, प्रत्येकीत तीन टिंबं वर, तीन खाली. गोळ्या आणल्या त्या त्यांनी चष्मा लावून जाजमावर मांडून मोजल्या. आठ स्ट्रिपा आणि चार सुट्या. चौऱ्याऐंशी. मग दुसऱ्यांदा मोजल्या आणि मला म्हणाले, "बरोबर आहेत. लिहून ठेव."